तिसरी पाकळी

मला व्यवसाय मार्गदर्शक कुणी नेमलं, असं विचारलंत तर खरं उत्तर 'कपाटाने' असं आहे. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी भूगोल शिकवत होतो आणि नकाशे ठेवायचं लोखंडी कपाट माझ्या ताब्यात होतं. गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. एक दिवस परिपत्रक आलं: दहावीच्या मुलांना करिअर निवडण्याबाबत मार्गदर्शन करावे, त्यासाठी एका शिक्षकाची नेमणूक करावी आणि संबंधित साहित्य कुलूपबंद ठेवावे. आमच्या हेडमास्तरांना कोणतंही परिपत्रक शेवटाकडून वाचायची सवय होती. "कुलूप कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे होतं.

मी स्वतः मास्तरकी निवडली होती असंही नाही. पेडण्याहून पणजीला एका कचेरीत मुलाखतीला निघालो होतो, म्हापशात पुढची बस चुकली, आणि तिथे चहा पिताना भेटलेल्या एका ओळखीच्या मास्तरांनी सांगितलं की आमच्याकडे भूगोलाची जागा रिकामी आहे. ती बस वेळेवर मिळती तर मी आज कुठल्या फायलीवर निवृत्त झालो असतो कोण जाणे. असा माणूस पुढची वीसेक वर्षं पोरांना सांगत राहिला की करिअर विचारपूर्वक निवडावं.

दहा दिवसांच्या प्रशिक्षणातून मी दोन वस्तू घेऊन आलो. एक तक्ता आणि एक प्रश्नावली. तक्त्यावर झाड होतं. खोडावर 'दहावी' लिहिलेलं, वर फांद्या, फांद्यांना व्यवसायांची फळं. डॉक्टर आणि इंजिनियर शेंड्याला, आयटीआय अगदी जमिनीलगत. शेतकरी कुठेच नव्हता. बहुधा तो झाडाखाली बसला असावा.

प्रश्नावली इंग्रजीत होती. मी तिचं मराठी केलं आणि मुलांनी उत्तरं कोकणीत दिली. राजभाषेचा कायदा काय व्हायचा तो होऊन गेला होता, पण आमच्या वर्गात तिन्ही भाषा एकाच बाकावर बसत. 'तुम्हाला वस्तुसंग्रहालयात फिरायला आवडते का?' या प्रश्नाला मागून आवाज आला, "सर, तें खंय आसा?"

"पणजीत."

"मागीर आवडना म्हूण बरयतां. दोन बशी बदलच्यो पडटात." आणि दोन बस बदलाव्या लागतात म्हणून त्याने 'नाही' लिहिलं.

'यंत्र उघडून आतील रचना पाहायला आवडते का?' याला झाडून सगळ्या मुलग्यांनी होय म्हटलं. मी वर अहवाल पाठवला की या भागातील मुलांचा कल यांत्रिक आहे. अहवालाचं कौतुक झालं. नंतर कळलं की सगळ्यांनी एकाचाच कागद उतरवला होता आणि त्या एकाच्या मामाचं गॅरेज होतं.

लोकांना वाटतं, मार्गदर्शक म्हणजे पोराकडे एकवार बघून 'तू अमुक हो' असं सांगणारा. प्रत्यक्षात या कामातला मोठा भाग कागदांचा असतो. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, फोटो, फॉर्मवरची बापाची सही. उरलेला भाग ऐकण्याचा. सोळा वर्षांचं पोर समोर बसलं की पहिली दहा मिनिटं त्याच्या तोंडून बाप बोलतो. मग मामा. मग मुंबईला चिकटलेला शेजाऱ्याचा मुलगा. तुम्ही घाई केली नाहीत तर तासाच्या शेवटी ते पोर स्वतःचं एखादं वाक्य बोलायला तोंड उघडतं आणि नेमकी तेव्हा घंटा होते.

रविवारी पेडण्याला घरी असलो तरी सुटका नसे. एकदा तिथला एक दुकानदार मुलाला दंडाला धरून घेऊन आला. "मास्तर, ह्याका अशें कितें तरी सांगा, जाका बदली ना." मुलगा सगळा वेळ बाहेर माझ्या भावाच्या मोटारसायकलकडे बघत होता. मी काय सांगितलं ते आठवत नाही. पुढे त्याने हरमलला पर्यटकांना खोल्या आणि मोटारसायकली भाड्याने द्यायला सुरुवात केली. बदली काही झाली नाही. म्हणजे बापाचंही झालं आणि पोराचंही, आणि दोघांनी श्रेय मला दिलं.

एक वर्ष तालुक्याचा करिअर मेळावा आमच्या शाळेत भरला. समई, श्रीफळ, हार आणि पाच पाहुणे. पाचहीजणांनी मुलांना सांगितलं की वडिलांच्या वाटेने जाऊ नका, स्वतःची वाट शोधा. त्यांतले तिघे वडिलांच्याच गादीवर बसले होते. भाषणं इतकी रंगली की करिअरची माहिती द्यायला आलेली माणसं माहिती न देताच शेवटच्या बसला गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काल काय शिकलात? "सर, सगळ्यांत बरें काम पावण्याचें," एक मुलगी म्हणाली. "बसपाक खुर्ची, घालपाक हार आनी वेळेचेर कोणूच कांय म्हणना."

पण हसण्यावारी नेता येत नाही असंही घडलं. महेश नावाचा माझा एक विद्यार्थी होता. गणितात पक्का. मी त्याचे गुण पाहिले, तक्त्यावरची फांदी पाहिली आणि त्याला कॉमर्सला घातलं. तो शिकला, एका पतसंस्थेत लागला, घरचे खूष झाले. काही वर्षांनी डिचोलीच्या बसमध्ये त्याने मला जागा करून दिली. जुजबी बोलणं झालं. उतरायच्या आधी म्हणाला, "सर, तुमी म्हाका कितें जमता तें विचारिल्लें. कितें जाय तें विचारिल्लें ना." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अजून टोचतं. "काय हवं ते आता विचारतो," मी म्हटलं. तो हसला. "आतां म्हाकाच खबर ना."

त्यानंतर मी तक्ता गुंडाळून कपाटात ठेवला आणि दुसरंच एक सुरू केलं. मुलं त्याला 'शेपूट' म्हणायची. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही काम करणाऱ्या माणसामागे दिवसभर शेपटासारखं हिंडायचं. सुतार, पोस्टमन, कंपाउंडर, कोणीही. परत येताना उत्तरं आणायची नाहीत, प्रश्न आणायचे. 'काम चांगलं आहे, पगार चांगला आहे' हे मला नको होतं. ते घरबसल्याही कळतं. माझा समज असा होता, आणि तो अजून खोटा ठरलेला नाही, की जिथून पोर प्रश्न घेऊन येतं तिथे त्याचं काहीतरी अडकलेलं असतं. करिअर निवडायला सुरुवात कुठून करायची, असं आजही कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

दीपाली अशीच एक शेपूट. तिचे वडील पुंडलिक सावंतवाडीकडून ड्रायव्हर म्हणून आलेले आणि इथेच राहिलेले. खाणीवरून मिनेर, म्हणजे लोखंडाचं खनिज, ट्रकात भरून नदीकाठच्या जेटीवर टाकायचं आणि परत फिरायचं, दिवसभर. तिथून ते बार्जने मुरगाव बंदरात जायचं. पुंडलिकचं म्हणणं होतं की मुलीने कला शाखा घ्यावी, डी.एड. करावं आणि मास्तरीण व्हावं. तिची मावशी वास्कोला नर्स होती. तिचं म्हणणं, पोरीला नर्सिंगला घाला.

दीपाली आधी प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या मागे एक दिवस हिंडली. वही कोरी. "प्रस्न ना, सर." मग आरोग्य केंद्रात गेली. एकच प्रश्न आला, "नर्सबाय बसता केन्ना?" नर्स बसते कधी, हा प्रश्नही बहुधा दयेपोटी. मग एका सुट्टीला वडिलांच्या ट्रकात बसून जेटीवर गेली. तिथे मिनेर तपासणारा एक माणूस ट्रकातून मिनेर घेत होता. ती दिवसभर त्याच्यामागे उभी राहिली. सोमवारी वहीत अकरा प्रश्न.

त्या माणसाचं काम थोडक्यात असं. अख्ख्या ढिगात लोखंड किती आहे हे मूठभर मिनेरावरून ठरवायचं. म्हणून ठिकठिकाणचं थोडं थोडं घेऊन त्याची रास करतात, रास दाबून तिचे चार वाटे करतात, समोरासमोरचे दोन फेकतात, उरलेल्या दोनांची पुन्हा रास, पुन्हा चार वाटे. असं करत करत शेवटी एका डब्यात मावेल एवढं उरतं. ते प्रयोगशाळेत जातं. दीपालीचा पहिला प्रश्न होता: ट्रकात वर एक आणि खाली दुसरंच असलं तर मूठ कुठली घ्यायची? दुसरा: फेकलेल्या दोन वाट्यांतच चांगलं असलं तर? तिसरा: पावसात भिजलेल्या मिनेरातल्या पाण्याचं वजन कोण वजा करतं?

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. मी वही कपाटात ठेवली. आणि इथे माझी चूक झाली.

जून महिना होता. अकरावीचे फॉर्म भरायला चार दिवस राहिले होते. पुंडलिक शाळेत आला. आमच्याकडे लग्न, घर, नोकरी, काहीही ठरवायचं तर ग्रामदेवतेला कौल लावतात. देवीच्या पाषाणाला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. जी पाकळी आधी पडेल ते देवीचं उत्तर.

"सर, माका दोन गोष्टी नीट लिवन देया," पुंडलिक म्हणाला. "एक उजवी, एक डावी. आणि तुम्हीय येया. शिकलेलो माणूस समोर आसलो काय देवीय जपान बोलात."

मी फॉर्म काढला. त्यावर दोनच रकाने होते, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. मी लिहिलं: कला शाखा, नर्सिंग. सायन्स लिहिलं नाही. अकरा प्रश्नांची वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, पण सायन्सला म्हापशाला जावं लागणार होतं, दोन बस बदलून, आणि बाप ऐकणार नाही हे मी त्याच्या वतीने आधीच ठरवून टाकलं. त्याला विचारलंही नाही. दीपाली दारात उभी होती. तिने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

दोन दिवस माझं लक्ष लागेना. मी देव मानत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी शनिवारी मी देवळात बाबल गुरवाकडे गेलो. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "सोमवारी दोन्ही पाकळ्यांना पाणी जरा जास्त लाव. लवकर पडायला नकोत." माझा हिशेब असा की कौल लांबला तर निर्णय लांबेल.

बाबल समया पुसत होता. त्याने हात थांबवला नाही. "सर, तुमी परिक्षेचो पेपर आदीं फोडटात?"

"नाही."

"मागीर म्हाका कित्याक सांगतात?" समई खाली ठेवून म्हणाला, "देवी विचारिल्ल्याचीच जाप दिता. प्रस्न वायट हाडलो जाल्यार ती बापडी कितें करतली?"

वाईट प्रश्नाला चांगली जाप, म्हणजे उत्तर, मिळत नाही; माझ्या प्रश्नावलीबद्दल इतकं नेमकं प्रशिक्षणातही कोणी बोललं नव्हतं.

सोमवारी सकाळी देवळात आम्ही चौघेच. बाबलने गाऱ्हाणं घातलं, उजवीकडे मास्तरीण आणि डावीकडे नर्स. पाकळ्या लावून तो मागे सरला तेवढ्यात दीपाली म्हणाली, "बाबलमामा, आनीक एक लाय."

"कसली गो?" पुंडलिकने विचारलं.

"सायन्साची."

पुंडलिक बाबलकडे बघू लागला. "देवीक तीन कोणी विचारल्यानीत कधी?"

"देवीक मेजूंक येता," बाबल म्हणाला आणि बोटाने एक, दोन, तीन मोजून त्याने तिसरी पाकळी मधोमध लावली.

मग आम्ही बसलो. हवा दमट होती. पाकळ्या हलायचं नाव घेईनात. पुंडलिक एकदा देवीकडे आणि एकदा घड्याळाकडे बघत होता. त्याचा ट्रक खाणीवर रांगेत होता. बऱ्याच वेळाने, वेळ घालवायला म्हणून, त्याने विचारलं, "सायन्स शिकान करतलंस काय?"

"मिनेर तपासतलंय."

"ता काय चेडवाचा काम?"

"ता मिनेराचा काम, बाबा."

पुंडलिकला हसू आलं, ते त्याने देवीसमोर आवरलं. दीपालीने तेवढी फट पाहिली. "बाबा, तुमच्या ट्रकात वरचा मिनेर येगळा आणि खालचा येगळा आसता मा?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आसता कधी कधी. वर बरा घालतत."

"तुमका कसा कळता?"

"चढण लागली काय ट्रक सांगता. जड मिनेर आसला काय दुसऱ्या गियरातय रडता. हलका आसला काय तिसऱ्यात खुशाल जाता. वर काय दिसता तेचो काय एक उपेग नाय." तो आता तिच्याकडे वळून बसला होता, हातांत नसलेलं स्टिअरिंग धरून. "पावसात तर आणखी मजा. भिजलेला मिनेर आणि जड मिनेर, दोगांचा रडणा येगळा."

"येगळा म्हणजे कसा?"

त्याने तोंडाने दोन्ही आवाज काढून दाखवले. देवळात ट्रक चढण चढला. बाबल गुरव गंभीरपणे ऐकत होता. मी दीपालीच्या वहीतला तिसरा प्रश्न आठवत होतो.

"मग तुम्ही त्या तपासणाऱ्याक ह्या सांगणास नाय?" दीपालीने विचारलं.

"माका कोण विचारता?" पुंडलिक म्हणाला.

हे त्याने सहज म्हटलं. पण म्हटल्यावर तो थांबला. मुलीकडे बघितलं, मग पाकळ्यांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. माझ्या खिशात दोन रकान्यांचा फॉर्म होता.

"बाबल," तो म्हणाला, "पाकळ्ये काढ. तिनवय काढ. प्रश्न चुकलो."

"पडचे पयलीं काडल्यार चलता," बाबल म्हणाला. "पडल्या उपरांत न्हय." त्याने पाकळ्या काढल्या आणि नव्या दोन भिजवल्या. पुंडलिक स्वतः पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "बाय माझे, ह्या चेडवाक जा शिकाचा हा, ता मी शिकवू काय नको? होय तर उजवी, नाय तर डावी." बाबलने पाकळ्या लावल्या.

आम्ही पुन्हा बसलो. पुंडलिक मात्र बसला नाही. खांबाशी उभा राहून त्याने विचारलं, "सर, सायन्साचो फॉर्म खंय गावता?"

"म्हापशाला."

"बस किती वाजता आसा?"

"आत्ता निघालो तर मिळेल."

"मग उठा." तो पायऱ्यांकडे निघालासुद्धा. दीपाली चपला शोधू लागली.

"आरे पुंडलिका," बाबलने हाक मारली, "जाप तरी घेवन वच."

"तू घेवन ठेव. सांजच्याक येतंय."

"आनी ट्रक?"

"ट्रक आज दुसरो कोणय रडवतलो."

बस मिळाली. फॉर्म भरला. पसंतीचा दुसरा रकाना दीपालीने कोरा ठेवला.

सगळं छान झालं असं लिहिण्याचा मोह आवरतो. म्हापशाच्या दोन बसनी तिला दोन वर्षं दमवलं. बारावीत गणितात ती जेमतेम निघाली. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली आणि जेटीवरच्या प्रयोगशाळेत लागली. थोड्याच वर्षांत खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभे राहून गंजले, त्यांत पुंडलिकने मागाहून घेतलेलाही होता. तेव्हा मला वाटलं की महेशनंतर हा माझा दुसरा गुन्हा. मी भीतभीतच तिच्या घरी गेलो. ती एका औषधाच्या कारखान्यात लागली होती. मोठमोठ्या पिंपांतून भुकटी येते, त्यातली चिमूटभर तपासायची. "वयर एक, पोंदां दुसरें आसूंक शकता, सर," ती म्हणाली. "प्रस्न तोच." पुंडलिक आत चहा करत होता. त्याने आतूनच विचारलं की त्या पिंपांना हलवून बघतात की नाही. ती म्हणाली, बघतात, आणि आवाजही ऐकतात. खरं-खोटं तिला माहीत.

राहता राहिला कौल. पुंडलिक त्या संध्याकाळी देवळात परत गेला की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात बाबल गुरव मला डिचोलीच्या बाजारात भेटला. पिशवीत उंडे, म्हणजे बेकरीचे पाव, होते, काखेत छत्री.

"सर," तो म्हणाला, "तुमी भायर सरतकच एक पाकळी पडली."

आणि थांबला. 'खंयची?', म्हणजे कोणती, एवढंच विचारायचं होतं. जन्मभर देव न मानलेल्या माणसाला त्या उत्तराने काय फरक पडणार होता? मुलगी सायन्सला गेली होती, फॉर्मवर बापाची सही झाली होती, फी भरली होती. बाबल माझ्या तोंडाकडे बघत उभा. प्रश्न विचारायला शिकवणं हे माझं काम होतं, आणि तो माझ्याकडून तेवढीच अपेक्षा करत होता.

"यंदा आंबे कसे झाले तुमच्याकडे?" मी विचारलं.

"बरे जाले, सर," बाबल म्हणाला आणि छत्री उघडून निघून गेला.